नावांची यादी

वसईतल्या चर्चमध्ये रविवारी मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, आधी नावं वाचली जातात. कोणाच्या आईची पुण्यतिथी असते, कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली. नाव आलं की बाकावरचं माणूस मान खाली घालतं. मिस्सा सुटल्यावर अंगणात शेजारीण विचारते, "हॉस्पिटलात डबा कोण नेतं गं? उद्या मी देते." या यादीवर माझा फार जीव आहे. तिचं कूळ शोधत गेलं की वाट उत्तर आफ्रिकेला पोचते.

साल साधारण २५३. नुमिडियात, म्हणजे आजच्या अल्जीरियाच्या बाजूला, टोळ्यांनी धाड घालून ख्रिस्ती बायापुरुषांना धरून नेलं. सोडवायचं तर खंडणी हवी. तिथल्या बिशपांनी कार्थेजच्या बिशप सिप्रियनला कळवलं आणि कार्थेजमध्ये वर्गणी सुरू झाली. एक लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, जमली. रक्कम धाडताना सिप्रियनने सोबत देणाऱ्यांची नावं जोडली आणि लिहिलं, की तुमच्या प्रार्थनेत यांची आठवण ठेवा. पुन्हा असं संकट आलं तर कळवायला संकोचू नका, असंही त्याने बजावलं. पैसा एका दिशेने गेला, प्रार्थना उलट दिशेने यायची होती. आणि दोन्ही एकाच पत्रात. मला तरी या यादीचा याहून सुंदर पूर्वज ठाऊक नाही.

प्रार्थना आणि मदत अशी जोडून ठेवायची रीत सिप्रियनच्याही आधीची. सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं आहे. सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकरीचा वाटा डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, गैरहजर माणसांच्या घरी पोचवतात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे यांची सोय होते. त्याच रोममध्ये २५१ च्या सुमारास चर्च दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजू पोसत होतं.

पुढे नावं दोन पानांच्या घडीच्या पाटीवर लिहून वेदीपाशी वाचली जाऊ लागली. ती कधी वाचायची यावर वादही झाला. ४१६ साली पोप इनोसंट पहिले यांनी गुब्बिओच्या बिशपला लिहिलं, की आधी अर्पण देवाच्या हाती सोपवा, मग ते देणाऱ्यांची नावं घ्या.

मग शतकं गेली, लॅटिन मिस्सातला तो मोठ्याने घेतलेला नावांचा उच्चार विरला. लोकांनी मिळून करायच्या विनवण्याही रविवारच्या मिस्सातून सुटल्या होत्या. त्या परत आणायचं व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ठरवलं. लोकभाषेला वाव मिळाला तोही याच निर्णयात. आमच्याकडे त्या विनवण्या मराठीत होतात.

मिस्सातल्या जुन्या रोमन प्रार्थनेत मात्र नावांची जागा अजून राखलेली आहे. "तुझ्या सेवकांची आठवण कर" अशा अर्थाचे शब्द म्हणून धर्मगुरू हात जोडतात आणि क्षणभर थांबतात. नावं तिथे घ्यायची असतात.