गोंगाटांतील बहिरेपणा

बहिऱ्याशीं मोठ्यानें बोललें म्हणजे त्याला ऐकूं येतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु घरीं शांतपणें सर्व कांहीं नीट ऐकणारे वृद्ध गृहस्थ लग्नाच्या पंगतींत बसले कीं गोंधळून जातात. त्यांना आवाज ऐकूं येतो, शब्द कळत नाहींत. तेथें आवाजाची वाण नसते. हव्या आवाजाची निवड होत नसते. हा भेद ध्यानांत येण्यास माणसाला किती काळ लागला, तें आज पाहावयाचें आहे.

इ. स. १६७२ मध्यें टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें एक चमत्कारिक हकीकत नमूद केली. एका बहिऱ्या बाईला जवळ ढोल वाजत असतांनाच बोलणें ऐकूं येई. म्हणून तिच्या नवऱ्यानें ढोल वाजविणारा एक नोकरच ठेविला होता! याचें इंगित असें कीं, ज्यांचा आंतला कान शाबूत असतो, पण ध्वनीच्या वाटेंत अडथळा असतो, त्यांना गोंगाट फारसा बाधत नाहीं. उलट गोंगाटांत समोरचा मनुष्य स्वर चढवितो, त्याचा त्यांना लाभच होतो. वार्धक्याच्या बहिरेपणाची तऱ्हा निराळी. त्यांत आंतला कानच झिजतो, ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक उच्चार प्रथम हरपतात, आणि उरलेल्यांवर गोंगाट पडदा टाकतो.

विजेपूर्वींच्या काळांत मुख्य साधन म्हणजे कानाशीं धरावयाचा कर्णा. हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका १८३४ ते १८३६ या काळांत अमेरिकेंत हिंडली. बहिऱ्या बाईला परक्या देशाचें काय कळणार, या शंकेला तिनें १८३७ सालच्या आपल्या ‘सोसायटी इन अमेरिका’ या ग्रंथांत उत्तर दिलें. तिचें म्हणणें असें कीं, कर्ण्यामुळें एकेकाशीं जवळून जें बोलणें होतें, तें चारचौघांतल्या गप्पांहून अधिक देऊन जातें. ही नुसती मनाची समजूत नव्हती. कर्ण्याचें तोंड बोलणाऱ्याच्या तोंडाशीं गेलें कीं अंतर तुटतें, आणि गोंगाट आपोआप मागें पडतो.

विसाव्या शतकांत विजेचीं यंत्रें आलीं. १९५३ च्या सुमारास त्यांत ट्रान्झिस्टर बसला, आणि यंत्र खिशांतून कानामागें गेलें. सोय झाली खरी. पण कर्ण्याचें तोंड बोलणाऱ्याकडे जाई, मायक्रोफोन मात्र ऐकणाऱ्याच्याच अंगावर राहिला. शब्दाबरोबर ताटवाट्यांचा खणखणाटहि वाढला.

त्याच १९५३ सालीं कॉलिन चेरी यानें गर्दींतून एकाचेंच बोलणें आपण कसें वेंचतों, याविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन भाषणें एकत्र मिसळून ऐकविलीं तर तीं वेगळीं करणें कठीण जाई. एकेका कानांत एकेक सोडलें तर तें सहज साधे. पुढें १९७० च्या सुमारास समोरचा ध्वनि अधिक घेणारे मायक्रोफोन निघाले, आणि १९९६ मध्यें कानाशीं बसणारीं संपूर्ण डिजिटल यंत्रें बाजारांत आलीं.

यंत्र निवडणाऱ्यानें या इतिहासांतून काय घ्यावें? प्रथम, आपला बहिरेपणा कोणत्या जातीचा, हें तज्ज्ञाकडून तपासून घ्यावें. दोन्ही कान अधू असतील, तर बहुधा दोहोंसाठीं यंत्र घेणें हिताचें. दुकानाच्या शांत खोलींतच परीक्षा न करतां, कांहीं दिवस तें बाजारांत, समारंभांत वापरून पाहावें. एवढ्यानें भागलें नाहीं, तर बोलणाऱ्याच्या सदऱ्याला अडकविण्याचा बिनतारी मायक्रोफोन मिळतो. तो म्हणजे मार्टिनोबाईंचा कर्णाच नव्या रूपानें परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणि ज्यांचे कान चांगले आहेत त्यांनीं ओरडूं नये. दोन पावलें जवळ यावें, समोर तोंड करून सावकाश बोलावें. अंतर तोडण्याचें अर्धें काम त्यांच्याच हातीं आहे.