व्हिएन्ना नगरीची घरबांधणी

पहिले महायुद्ध 1918 साली संपले तेव्हा व्हिएन्नाचे राजधानीपण उरले. साम्राज्य मात्र उरले नाही. पाच कोटींच्या राज्यासाठी वाढलेले हे अठरा लाख वस्तीचे शहर एका लहानशा प्रजासत्ताकाच्या वाट्याला आले. धान्याची आणि कोळशाची टंचाई होती, आणि क्षयाचा फैलाव तर असा की, 'व्हिएन्नाचा आजार' हेच त्या रोगाचे नाव होऊन बसले होते.

मुंबईच्या चाळीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तेथील कामगारांच्या घरांचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण जाणार नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर. पाण्याचा नळ व शौचकूप बाहेरच्या बोळात, शेजाऱ्यांशी सामाईक. घरमालक जागेचा 85 टक्क्यांपर्यंत भाग बांधून काढीत, त्यामुळे पुष्कळ स्वयंपाकघरांत जो काही उजेड येई तो त्या बोळातूनच. एवढ्यातही भाड्याला हातभार लागावा म्हणून कुटुंबे केवळ एक बिछाना परक्या माणसाला भाड्याने देत.

मे 1919 मध्ये सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना समान मताधिकार देऊन नगरपालिकेची निवडणूक झाली आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. परंतु सत्ता हाती आली म्हणून पैसा हाती येतो असे नाही. पुढे 1 जानेवारी 1922 पासून व्हिएन्ना हा स्वतंत्र प्रांत झाला व त्याला स्वतःचे कर बसविण्याचा अधिकार लाभला, तेव्हाच खरी वाट मोकळी झाली. अर्थखात्याचे प्रमुख ह्युगो ब्राइट्नर हे पूर्वी बँकेत अधिकारी होते. त्यांनी घरबांधणीसाठी कर्ज काढण्याऐवजी 1923 च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक भाड्याच्या जागेवर घरबांधणी कर बसविला. कामगाराच्या खोलीवर तो नाममात्र होता. वाड्यांवर आणि हवेल्यांवर झपाट्याने चढत जाई. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का जागांकडूनच या कराचे सुमारे 45 टक्के उत्पन्न येऊ लागले. घरी एक मोलकरीण असेल तर कर नसे. दुसरी ठेवली की तो सुरू होई. श्रीमंतांना ब्राइट्नर यांचे नाव काढणेही नकोसे झाले, यात नवल ते काय!

चलनवाढीच्या काळात भाडी कायद्याने गोठलेली असल्यामुळे खासगी बांधकाम थंडावले होते आणि जमिनी स्वस्त झाल्या होत्या. नगरपालिकेने त्या खरेदी केल्या. 1923 च्या सप्टेंबरात पाच वर्षांत 25,000 घरांचा संकल्प सोडला गेला; तो मुदतीपूर्वीच पुरा झाला, आणि 1934 पर्यंत घरांची संख्या 60,000 च्या वर गेली. बांधकामाचा खर्च करातून भागलेला असल्याने भाडेकरूकडून केवळ देखभालीचा खर्च घेतला जाई. कामगाराच्या वेतनाचा सुमारे पंचविसावा हिस्सा, एवढेच ते भाडे. घर कोणाला द्यावयाचे हे गरजेनुसार गुण देऊन ठरे.

1930 साली पुरा झालेला 'कार्ल मार्क्स होफ' हा या साऱ्यांचा शिरोमणी. कार्ल एन या स्थापत्यविशारदाने आखलेली ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे. त्यात 1,382 घरे. पण बांधलेला भाग एकूण जागेच्या पंचमांशाहूनही कमी, बाकी बागा व अंगणे. बालवाडी, ग्रंथालय, दंतचिकित्सालय, स्नानगृहे आणि यंत्रांनी चालणारी धुलाईघरे वसाहतीतच होती. घरे मात्र लहान. प्रत्येक घरात नळ व शौचकूप आले, न्हाणीघर आले नाही.

घराबरोबर आरोग्याचा विचार झाला तो युलियस टान्डलर यांच्यामुळे. शरीररचनाशास्त्राचे हे प्राध्यापक लोककल्याणखाते पाहात. मातांसाठी सल्लाकेंद्रे, शाळांतून दंतवैद्य, क्षयरोग्यांसाठी दवाखाने अशी त्यांची योजना होती. 1927 पासून प्रत्येक नवजात बालकासाठी, घर गरिबाचे असो वा श्रीमंताचे, लंगोट्या-दुपट्यांची पेटी पालिकेकडून जाऊ लागली. बालमृत्यूंचे प्रमाण उतरले. तथापि याच टान्डलरांनी सुप्रजननाच्या नावाखाली दुर्बलांच्या जगण्याच्या मोलाविषयी जी मते मांडली ती आज वाचवत नाहीत. घरोघर फिरणाऱ्या पालिकेच्या सेविकांचाही गरीब मातांना धाक वाटे. मूल काढून नेण्याचा अधिकार त्या खात्याला होता.

1929 नंतरच्या मंदीत बेकारी वाढली. घर देणे पालिकेच्या हाती होते, काम देणे नव्हते. केंद्र सरकार विरोधकांचे. त्याने व्हिएन्नाच्या वाट्याचे करउत्पन्न कापीत नेले. अखेर 12 फेब्रुवारी 1934 रोजी यादवी पेटली. सरकारी तोफांनी कार्ल मार्क्स होफवर, आत बायकामुले असताना, गोळे डागले. महापौर कार्ल झाइट्स यांना अटक झाली. टान्डलर त्या वेळी चीनमध्ये होते. परतताच त्यांनाही पकडण्यात आले, आणि 1936 साली मॉस्को येथे त्यांचा अंत झाला. ब्राइट्नर यांनी परागंदा होऊन 1946 साली कॅलिफोर्नियात देह ठेवला.

घरे मात्र पालिकेच्याच मालकीची राहिली, आणि त्यांत आजही माणसे राहतात. त्यांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे की, ही इमारत व्हिएन्ना नगरपालिकेने घरबांधणी कराच्या उत्पन्नातून बांधली. आणि खाली साल.