ठिणगीचं चाक कोण फिरवतं?

आजची गोष्ट एका खेळण्याची आहे. खेळणं तळहाताएवढं, पण त्याची गोष्ट अडीचशेहून जास्त वर्षं मागे जाते आणि शेवटी आपल्याच पोरांपाशी येऊन थांबते. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

भिरभिरं आपण सगळ्यांनी फिरवलं आहे. कागदाची चार पाती, मधे टाचणी, मागे काडी. वाऱ्यावर धरलं की फिरतं. आता अशी कल्पना करा की भिरभिऱ्याच्या मागे, त्याच दांड्यावर, एक लहान खरखरीत चाक बसवलं आहे. त्या चाकाला एक इवलासा खडा टेकलेला आहे आणि तो मागून स्प्रिंगनं दाबून धरला आहे. वारा आला, पाती फिरली, चाक फिरलं, खडा घासला गेला आणि ठिणग्या उडाल्या. दिवसा त्या दिसणारही नाहीत. रात्री मात्र भिरभिऱ्याभोवती चांदण्यांचं कडं दिसेल. वाऱ्यावर चालणारं ठिणग्यांचं खेळणं म्हणतात ते हेच. भिरभिऱ्याला लावा, नाहीतर पतंगाला. अंगठ्यानं दाबून चाक फिरवायचं पत्र्याचं खेळणं तुमच्यापैकी काहींनी जत्रेत पाहिलंही असेल. त्याला लाल-निळ्या कागदाच्या खिडक्या असतात आणि दाबलं की आतून रंगीत ठिणग्या दिसतात. पोटातली करामत दोन्हीकडे तीच. एकात अंगठा काम करतो, दुसऱ्यात वारा.

गटाच्या बैठकीत मी हे सांगत होते, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, ठिणगीशी खेळायचं? आमच्या वेळी ठिणगीसाठी चार घरं फिरावं लागायचं." सगळ्या हसल्या. माझ्या मनात मात्र ते वाक्य राहिलं, कारण या खेळण्याचा इतिहास त्या वाक्यातच सुरू होतो.

काडेपेटी घरोघरी पोचायच्या आधी विस्तव जपणं हे बाईचं काम होतं. रात्री चूल विझवायची नाही, निखारे राखेखाली झाकून ठेवायचे. पहाटे राख बाजूला सारून, गोवरीचा तुकडा ठेवून फुंकायचं. निखारा विझला असेल तर शेजारणीकडे खापरात विस्तव मागायला जायचं. तेही जमलं नाही तर चकमक. चकमकीत पोलादाच्या तुकड्यावर गारेचा दगड घासून मारायचा आणि उडालेली ठिणगी कापसावर झेलायची. गार फार कठीण असते. ती पोलादाचा बारीक कीस काढते, घासताना तो कीस तापतो आणि हवेत जळतो. ठिणगी म्हणजे जळणारा लोखंडाचा कण. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपण इथून थेट इंग्लंडला जाऊ, कारण चकमकीला चाक लागलं ते तिथल्या कोळशाच्या खाणींत.

अठराव्या शतकाची गोष्ट. उत्तर इंग्लंडमध्ये समुद्रकाठी व्हाइटहेवन नावाचं गाव आहे. तिथल्या खाणी खोल होत्या आणि त्यांत एक जळणारा वायू साठायचा. हा वायू म्हणजे मिथेन. आपल्या गोबरगॅसमध्ये जो जळतो तोच. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना कळेल की असा वायू कोंडलेल्या जागी मेणबत्ती नेली तर काय होईल. स्फोट व्हायचे, माणसं मरायची. पण उजेडाशिवाय कोळसा खणणार कसा?

व्हाइटहेवनच्या खाणींची व्यवस्था पाहणारा कार्लाइल स्पेडिंग नावाचा एक हुशार माणूस होता. त्यानं एक यंत्र काढलं. लोखंडी चौकटीत एक मोठं दातेरी चाक, त्याला हातानं फिरवायचा दांडा. ते चाक फिरलं की त्यात अडकलेलं पोलादाचं लहान चाक फार वेगानं फिरायचं. त्या चाकाला गारेचा तुकडा लावून धरायचा. ठिणग्यांचा फवारा उडायचा आणि त्या उजेडात खाणकामगार कुदळ चालवायचा. इंग्रजीत त्याला 'स्टील मिल' म्हणायचे, म्हणजे पोलादी चक्की.

बघा, आपल्या खेळण्याचंच हे रूप. चाक, दगड, ठिणगी, अंधार, सगळं तेच. फरक एकच. खेळण्यात चाक वारा फिरवतो. खाणीत ते पोर फिरवायचं.

हो, पोर. ही चक्की फिरवायचं काम बहुधा मुलाला दिलं जायचं. यंत्र छातीशी बांधायचं किंवा मांडीवर धरायचं, एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं दगड धरायचा. कामगार खणतो आहे तोवर थांबायचं नाही. थांबलं की अंधार. दिवाळीत फुलबाजी हातात धरलेलं मूल किती खूश असतं! त्याच वयाचं मूल तिथं तासन्‌तास ठिणग्या उडवत बसायचं आणि त्यात खेळाचा लवलेश नव्हता.

बरं, ते सुरक्षित तरी होतं का? लोकांची समजूत होती की या ठिणग्यांनी वायू पेटत नाही. ती समजूत खोटी ठरली. 1785 साली वॉल्सेंडच्या खाणीत स्फोट झाला, तो या चक्कीच्या ठिणग्यांनीच. आणि स्वतः स्पेडिंग? तोही 1755 साली खाणीतल्या स्फोटातच गेला. जाळीच्या आत ज्योत ठेवणारा हम्फ्री डेव्हीचा दिवा आला 1815 साली. त्यानंतर ठिणग्यांची चक्की मागे पडत गेली.

पण पोरं खाणीतून बाहेर आली नाहीत. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांमध्ये लाकडी दारं असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लगेच लावायचं. दार उघडं राहिलं तर वारा भलतीकडे वळायचा आणि वायू साठायचा. या दारांवर पाच-सहा वर्षांपासूनची मुलं बसवत. मुलगेही आणि मुलीही. म्हणजे जमिनीच्या पोटात वाऱ्याला वाट दाखवायला पोर आणि ठिणगी पाडायलाही पोर.

1840 साली इंग्लंडच्या सरकारनं चौकशी आयोग नेमला, या मुलांचे जबाब घेतले आणि 1842 साली ते छापले. त्यात सारा गुडर नावाच्या आठ वर्षांच्या मुलीचा जबाब आहे. ती यॉर्कशायरमधल्या एका खाणीत दारावर बसायची. पहाटे चारला, कधी साडेतीनला खाली जायची आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला वर यायची. तिनं सांगितलं की काम दमवणारं नाही, पण दिवा नसतो आणि भीती वाटते. उजेड असला तर ती कधी कधी गाणं म्हणायची. अंधारात मात्र तिची गायची हिंमत होत नसे.

मैत्रिणींनो, हे वाचल्यावर मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. आपली आठ वर्षांची लेक अंधारात एकटी बसली आहे आणि गाणं म्हणायलाही घाबरते आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. हे जबाब छापून आल्यावर तिथल्या लोकांनाही लाज वाटली. त्याच वर्षी, 1842 साली, कायदा झाला. बाया, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना जमिनीखाली कामाला लावायचं नाही, असं ठरलं.

मग ठिणगी खेळण्यात कधी आली? त्यासाठी गारेपेक्षा सोपा दगड हवा होता. तो मिळाला ऑस्ट्रियात, आणि त्यात आपल्या देशाचाही धागा आहे.

लग्नात, तमाशात, कीर्तनात लावायची ती गॅसबत्ती आठवते ना? तिच्यातली जाळीची पांढरी पिशवी, जिला आपण मेंटल म्हणतो, ती कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं काढली. मेंटलसाठी थोरियम नावाचा पदार्थ लागतो आणि तो मोनाझाइट नावाच्या वाळूत सापडतो. पण त्या वाळूत थोरियम थोडं आणि सिरियमसारखे धातू जास्त. थोरियम काढून घेतलं की बाकीच्याचे ढीग पडून राहायचे. या उरलेल्या मालाचं काय करायचं, याचा आउअरनं विचार केला. सिरियम घासलं की चटकन ठिणग्या पडतात, पण ते मऊ असतं. त्यानं सुमारे सत्तर टक्के सिरियम आणि तीस टक्के लोखंड मिसळून कडक धातू बनवला आणि 1903 साली त्याचं पेटंट घेतलं. सिगारेटच्या लायटरमध्ये चाकाखाली असतो तो खडा याच जातीचा. आपल्या स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा लायटर असतो तो बहुतेक वेळा वेगळा. त्यात दाबानं विजेची ठिणगी पडते.

आता आपल्या देशाचा धागा. 1909 साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. त्रावणकोर म्हणजे आजच्या केरळचा दक्षिण भाग आणि कन्याकुमारीचा परिसर. त्या किनाऱ्यावर काथ्या वळायचं काम मुख्यतः बायाच करत आल्या आहेत. त्यांनी वळलेल्या सुंभाला लागलेली वाळू समुद्रापार गेली आणि तिथून कळलं की मेंटलचा कच्चा माल इथं पसरला आहे. पुढे जगभरच्या मेंटलला त्या किनाऱ्याची वाळू जाऊ लागली. बायांच्या हाताखालून काय काय गेलं आहे, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. म्हणून तो आपण सांगायचा.

हा नवा खडा इतका सहज ठिणगी टाकतो की त्याला पोलादी चक्कीसारखा वेग लागत नाही आणि जोरही लागत नाही. मुलाचा अंगठा पुरतो, वारा पुरतो. म्हणून त्यानंतर ठिणग्यांची खेळणी स्वस्तात बनू लागली. जी ठिणगी पाडताना खाणीतल्या पोराचे हात भरून यायचे, ती आता खेळताना उडते.

आता थोडं काळजीचं. या ठिणग्या हातावर पडल्या तरी सहसा भाजत नाही. ठिणगी फार गरम असते, पण कण इतका बारीक की उष्णता पुरत नाही. कोरड्या वस्तूला मात्र तेवढं पुरतं. म्हणून असं खेळणं कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यातल्या वैरणीजवळ, कापसाच्या ढिगाशेजारी, गॅसच्या टाकीजवळ किंवा पेट्रोलच्या बाटलीजवळ न्यायचं नाही. डोळ्यांजवळ धरायचं नाही. पतंगाला लावून उसाच्या वाळल्या फडावर उडवायचं तर अजिबात नाही. आणि मोठं माणूस जवळ हवं.

पण याहून मोठी काळजी दुसरीच आहे. आपल्या घरी येणाऱ्या काडेपेट्या आणि फटाके पुष्कळदा तमिळनाडूतल्या शिवकाशीच्या भागातून येतात. तिथं लहान मुलं राबत होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयात खटला गेला. डिसेंबर 1996 मध्ये न्यायालयानं सांगितलं की मुलांना धोक्याच्या कामाला लावणाऱ्या मालकानं दर मुलामागे वीस हजार रुपये त्या मुलांच्या कल्याणाच्या निधीत भरावेत. म्हणजे इंग्लंडच्या कायद्यानंतर दीडशे वर्षांनीसुद्धा आपल्या देशात ठिणगीच्या धंद्यात पोरांचे हात होते. 2016 सालापासून आपल्या कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला नोकरीवर ठेवायला बंदी आहे. शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत करायची मुभा ठेवली आहे.

कायदा झाला, पण आपण आपल्या शिवारात बघूया. ऊसतोडीला गेलेल्या आईच्या मागे कोपीवर धाकट्याला सांभाळणारी सात वर्षांची मुलगी. वीटभट्टीवर विटा उलटणारं पोर. त्यांचं चाक कोण फिरवतं आहे? त्यांना मधेच थांबता येतं का?

खेळ आणि काम यांतला फरक मला इथं सापडला. खेळणाऱ्या मुलाला कंटाळा आला की ते भिरभिरं टाकून घरी येतं. खाणीतल्या मुलाला दांडा सोडता येत नव्हता. चाक तेच, ठिणगी तीच. थांबायची मुभा आहे की नाही, एवढंच बघायचं.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की पाच मिनिटं आणखी बसूया. आपल्या वस्तीतली कोणती मुलं शाळा सोडून कुणाबरोबर कामाला जातात, त्यांची नावं काढूया. तोडीला जाणाऱ्या घरातली मुलं मागे राहणार असतील तर कोणाकडे राहतील, त्यांच्या जेवणाचं आणि शाळेचं काय, हे टोळी गाव सोडायच्या आधीच ठरवूया. एका बाईला हे जड जातं, दहा जणींच्या गटाला जमतं.

आणि त्या आजींना मी एक कबूल केलं आहे. यंदा पोरांना कागदाची भिरभिरी करून द्यायची. ठिणगी नसली तरी चालेल. रात्री अंगणात दिवा ठेवायचा, आणि पोरांनी उजेडात हवी तेवढी गाणी म्हणायची.