आधी एकक की आधी दशक?

पहिलीच्या वर्गात ‘पंचवीस’ लिहायला सांगितले की काही मुले ५२ लिहितात. शिक्षकांना हे नवे नाही. मराठीत आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते इतकेच. संगणकांच्या इतिहासात अशाच गोंधळाने तज्ज्ञांनाही बरीच वर्षे छळले.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला संगणकशास्त्रात ‘प्रक्रिया’ म्हणतात. १९७३ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीत ‘पाइप’ची सोय झाली आणि एका प्रक्रियेतून बाहेर पडणारी माहिती नळातल्या पाण्यासारखी थेट दुसरीत जाऊ लागली. दोन्ही प्रक्रिया एकाच यंत्रावर चालत असल्याने त्यांची संख्या मांडण्याची रीतही एकच होती. यंत्रे वेगळी झाली तेव्हा अडचण आली.

एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच संख्या मावते. त्याहून मोठी संख्या एकापेक्षा जास्त बाइटांत मांडावी लागते. जसे आपण नवाच्या पुढे गेलो की दशकाचे घर घेतो. पण आधी कोणते घर? आयबीएमच्या १९६४ सालच्या सिस्टिम/३६० ने मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवला. डेक कंपनीच्या १९७० सालच्या पीडीपी-११ ने लहान किमतीचा आधी ठेवला. आपापल्या घरी दोन्ही रीती बिनचूक होत्या. मात्र एकाने दोन बाइटांत पाठवलेला १ दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचला, तर त्याचे २५६ होतात! युनिक्स पीडीपी-११ वरून दुसऱ्या यंत्रावर नेताना त्याच्या इंग्रजी नावातील अक्षरे जोडीजोडीने उलटून ‘नक्सी’ असे उमटले, असा किस्सा सांगतात. या घोटाळ्याला ‘नक्सी समस्या’ हे नावच पडले.

कोणती रीत श्रेष्ठ, यावर कडाक्याचे वाद झाले. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञांनी त्यावर एक मिस्कील टिपण लिहिले. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून लिलिपुटचे लोक लढतात. कोहेन यांनी तीच नावे उचलून दोन पक्षांना ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ म्हटले. त्यांचे सांगणे असे, की कोणता क्रम ठरतो याला फारसे महत्त्व नाही. सर्वांनी मिळून एक ठरवणे महत्त्वाचे.

इंटरनेटने तसेच केले. त्याच्या १९८१ सालच्या नियमावलीत मोठा बाइट आधी, असे ठरले. प्रत्येक यंत्राने घरात हवे तसे लिहावे, पण बाहेर पाठवताना या क्रमात बदलावे. सन कंपनीने हीच कल्पना पुढे नेली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘एक्सडीआर’ या संकेतात पूर्णांक, अपूर्णांक आणि अक्षरमाला यांची मांडणी ठरवून दिली होती. त्यामुळे निरनिराळ्या कार्यप्रणालींवरील प्रक्रिया एकमेकींशी बोलू शकल्या.

कराराला किंमत पडतेच. दोन्ही यंत्रे लहान बाइट आधी लिहिणारी असली, तरी पाठवणारा क्रम उलटतो आणि घेणारा पुन्हा सुलटा करतो. म्हणून काही संकेतांनी वेगळी वाट धरली: पाठवणाऱ्याने आपल्याच क्रमात लिहावे आणि तो क्रम कोणता, हे सुरुवातीला नोंदवावे. गरज असेल तरच घेणाऱ्याने बदल करावा. आज बहुतेक घरगुती संगणक आणि मोबाइल लहान बाइट आधी लिहितात. तरीही इंटरनेटच्या पाकिटांवरील पत्त्यात मोठा बाइटच आधी असतो, कारण जगभर पसरलेला करार मोडणे तो पाळण्यापेक्षा महाग पडते.

विज्ञान शिकवताना निसर्गाचे नियम आणि माणसांचे करार आपण एकाच सुरात सांगतो. विद्युतधारा धनाकडून ऋणाकडे दाखवावी, हा करार आहे. तारेतील इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात. ‘असेच का?’ असे मुलाने विचारले, तर काही वेळा ‘तसे ठरले म्हणून’ हेच खरे उत्तर असते. मात्र कोणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीपायी ठरवले, हेही त्याला सांगितले पाहिजे.