सायकलीच्या हँडलावरची फीत



सायकलीचा इतिहास सांगणारे बहुधा चाकापासून सुरवात करतात. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल ड्राइस यानें पायांनीं रेटीत न्यावयाचें लांकडी दुचाकी वाहन चालवून दाखविलें. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले यानें जवळजवळ सारखीं दोन चाकें आणि मागील चाकास साखळी असलेली ‘रोव्हर’ काढली. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवेच्या टायरचा हक्क नोंदविला. ही हकीकत शाळेंतील मुलांसही पाठ असते. परंतु सायकलीवर बसलेल्या मनुष्याचा तिच्याशीं प्रत्यक्ष संबंध येतो तो बैठकीशीं, पॅडलांशीं आणि हातांतील मुठीशीं. पहिल्या दोहोंविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिसरीविषयीं, आणि विशेषतः शर्यतीच्या व लांब प्रवासाच्या सायकलींच्या हँडलावर जी फीत गुंडाळतात तिच्याविषयीं, आज मी आपणांपुढें चार शब्द बोलणार आहें.

मुठीला कांहींतरी वेढणें ही कल्पना सायकलीबरोबर आलेली नाहीं. आपल्याकडील दांडपट्ट्याच्या खोबळ्यांत आंतून मऊ अस्तर घालीत. तें नसतें तर चार हात फिरवितांच सैनिकाच्या हाताचीं सालटीं निघालीं असतीं. आसुडाच्या दांड्याला चामड्याची वादी वेढतात. क्रिकेटच्या बॅटीचा दांडा सुतानें आवळून त्यावर रबराची नळी चढवितात. धरावयाची वस्तू कठीण, धरणारा हात मऊ आणि दोहोंच्या मध्यें घाम, असा प्रकार जेथें जेथें आहे तेथें वेढा आलाच.

सायकलीच्या बाबतींत मात्र या तिहींच्या जोडीला चौथी गोष्ट आली, ती म्हणजे रस्त्याचा हादरा. आणि येथें इतिहासानें एक चमत्कारिक योग जुळवून आणला आहे. १८६१ सालीं पॅरिसमधील शल्यवैद्य फेलिक्स ग्युयाँ यानें मनगटाच्या करंगळीकडील बाजूस असलेल्या एका अरुंद बोगद्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोपर कोठें आपटलें असतां जी नस झिणझिण्या आणते, तीच या बोगद्यांतून तळहातांत उतरते. करंगळी व अनामिका यांची संवेदना आणि बोटें फांकविण्याची शक्ति पुष्कळ अंशीं तिच्यावर अवलंबून असते. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच शहरांत मिशो यांच्या कारखान्यांतून पॅडलें असलेल्या सायकली बाहेर पडूं लागल्या. लांकडी चाकें, त्यांवर लोखंडी धाव आणि खालीं दगडी फरसबंदी! इंग्रजांनीं या वाहनास हाडें खिळखिळीं करणारें असेंच नांव दिलें होतें. ७ नोव्हेंबर १८६९ रोजीं पॅरिसहून रूआँपर्यंत १२३ किलोमीटरांची शर्यत झाली, तींत जेम्स मूर हा पहिला आला. शर्यत संपल्यावर स्पर्धकांचे हात कसे झाले असतील याची कल्पना करवत नाहीं. ग्युयाँचा बोगदा आणि सायकलीचें हँडल यांच्या या गांठीस पुढें वैद्यकाच्या ग्रंथांत ‘सायकलस्वाराचा लकवा’ अशा अर्थाचें नांव मिळालें.

प्रारंभींच्या कारागिरांनीं मुठीसाठीं हाताशीं असलेले पदार्थ वापरले. उंच चाकाच्या सायकलींना शिंगाच्या नाहीं तर आबनुसी लांकडाच्या मुठी असत. मग बुचाच्या मुठी आल्या, सेल्युलॉइडच्या आल्या. सेल्युलॉइड दिसावयास सुंदर, परंतु तें भलतेंच ज्वालाग्राही. शिवाय घाम आला कीं निसरडें. शेवटीं रबरानें सर्वांवर मात केली, आणि आमच्या देशांत तर रबरी मूठ ही सायकलीची जणूं जन्मजात इंद्रियच होऊन बसली.

असें कां झालें, तें पाहण्यासाठीं माझ्या गांवाकडे यावें लागेल. आमचें पाथरी हें परभणी जिल्ह्यांतील जुनें गांव. निजामशाही घराण्याचे पूर्वज याच गांवचे कुळकर्णी होते असें फिरिश्ता लिहितो, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत आमचें नांव येतें. रेल्वेच्या नकाशांत मात्र तें सांपडत नाहीं. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग झाला, तो सेलू, मानवत रोड, परभणी असा गेला आणि पाथरी बाजूस राहिली. स्टेशन, बाजार, कचेरी आणि शेत यांना जोडणारें मधलें वाहन म्हणून ज्या सायकलीनें आमच्या भागांत सेवा केली, ती काळी, भक्कम, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकांची, मागें कॅरियर असलेली. तिच्यावर मनुष्य ताठ बसतो. त्याचा सारा भार बैठकीवर आणि पॅडलांवर. हात केवळ दिशा देण्यापुरते. कॅरियरवर दुधाच्या किटल्या असोत, टपालाची थैली असो वा घरचें माणूस असो, हातावर त्याचें ओझें येत नाहीं. अशा स्वाराला रबरी मूठ पुरेशी होते, आणि तिच्या टोंकाला रंगीत गोंडे लावले म्हणजे त्याची हौसही भागते. पोळ्याला बैलाच्या शिंगांस बेगड लावणारे आम्ही लोक. सायकलीचीं शिंगें उघडीं कशीं ठेवणार?

फितीची गरज निर्माण झाली ती पुढें वांकलेल्या स्वारासाठीं. वाऱ्याशीं झुंजावयाचें तर छाती खालीं न्यावी लागते. म्हणून हँडल मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलें. आतां हात एका जागीं राहीनात. चढावर वरचा आडवा भाग धरावा, सपाटीवर ब्रेकाजवळचा, वेगाच्या वेळीं खालचा. ठराविक लांबीची मूठ येथें निरुपयोगी ठरली, कारण सगळा दांडाच मूठ झाला; आणि वर शरीराचा बराचसा भार तळहातांवर पडूं लागला. पहिल्या महायुद्धापूर्वींच्या फ्रेंच शर्यतींचीं छायाचित्रें पाहावींत, त्यांत हँडलास सूत वा कापड गुंडाळलेलें दिसतें. पुढें त्यासाठीं मुद्दाम विणलेली सुती फीत निघाली, रुंदीला पाऊण इंचाच्या आगेमागें, आणि कित्येक दशकें तिचेंच राज्य चाललें.

आमच्याकडे ही वळलेली हँडलें आलीं तीं मुंबई-पुण्यास. सायकलीचा नाद मुंबईच्या पारशी तरुणांना मोठा. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा जण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चमध्यें परतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचा सायकलचमू उतरला, त्यांतही मुंबईचे पारशी तरुण होते. मुंबई-पुणें सायकल शर्यतीचें नांव तर आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेलें आहे. खोपोली सोडल्यावर बोरघाटाचा जो चढ लागतो तेथें स्वार बैठकीवरून उठतो, हँडल दोन्ही हातांनीं आळीपाळीनें खेंचतो, आणि जो प्रथम माथा गांठील त्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. घामानें निथळणाऱ्या त्या हातांखालीं गुळगुळीत धातू असता तर राजेपद दूरच, दांत पाडून घेण्याची वेळ आली असती.

सुती फितीचा गुण हा कीं ती घाम पिते. दोष हा कीं ती पिते तें सोडीत नाहीं. मळते, कुजते, आणि पावसांत ओल्या पंच्यासारखी होते. यावर युरोपांतील जुन्या प्रवासी स्वारांनीं जो उपाय काढला तो ऐकून आपणांस कौतुक वाटेल. ते गुंडाळलेल्या फितीवर स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडी लाखेचे दोन-चार हात देत. वाळल्यावर फीत मधाच्या रंगाची, टणक व पाण्यास दाद न देणारी होई. आतां कापूस हें आमच्या परभणी-नांदेडच्या काळ्या रानाचें पीक. येथल्या गावरानी कापसाची एके काळीं ख्याति होती. आणि लाख तर पळस, बोर, कुसुंब या झाडांवरील किड्यांची देणगी. ती जगास मुख्यतः हिंदुस्थाननेंच पुरविली. लाक्षागृहापासून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांपर्यंत जिचा संचार, ती लाख पॅरिसच्या सायकलीवरही पोंचली होती. आमच्या रबरी मुठीच्या सायकलींस मात्र या दोन्ही घरच्या वस्तूंचा लाभ झाला नाहीं!

१९७० नंतर चकचकीत प्लास्टिकची पातळ फीत निघाली. ती रंगांनीं डोळे दिपवी, धुतां येई, परंतु हाताला सुख शून्य. ती फारशी टिकली नाहीं याचें मला दुःख नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत इटलीकडून फेसाळ रबरासारख्या पदार्थांत बुचाचा चुरा मिसळलेली फीत आली, आणि तिनें बाजार जिंकला. बूच ही पोर्तुगालकडील एका ओकवृक्षाची साल. साधारण नऊ वर्षांनीं एकदां सोलतात, झाड जिवंत राहतें. हलकें, उबदार, ओलें झालें तरी न सरकणारें. त्याच सुमारास ब्रेकच्या तारा हँडलावरून मोकळ्या न सोडतां फितीखालून नेऊं लागले, त्यामुळें वेढा जाड झाला आणि हाताच्या ठेवणीसही फरक पडला. आज कृत्रिम चामड्यासारख्या, खरबरीत, चिकट अशा नाना जातींच्या फिती मिळतात.

तेव्हां यांतून निवड कशी करावी? येथें एक प्रसंग सांगणें अवश्य आहे. आषाढीपूर्वीं सायकलीवर पंढरपुरास जाण्याची प्रथा अलीकडे महाराष्ट्रांत वाढली आहे. माझा एक जुना विद्यार्थी असाच जाऊन आला, आणि नंतर पंधरा दिवस त्याला सदऱ्याचें बटण लावतां येईना. करंगळी व शेजारचें बोट बधिर. त्यानें दुकानांतील सर्वांत जाड व सर्वांत मऊ फीत मागून घेतली होती, आणि तीही जुन्या फितीच्या वर चढविली होती. त्याचे हात लहान. दांडा एवढा जाड झाला कीं तो पकडण्यासाठीं त्यास मूठ सतत आवळून धरावी लागली. शिवाय बैठक पुढें झुकलेली, म्हणून भार सारा मनगटांवर. मऊपणा म्हणजे आराम हा समज गादीच्या बाबतींतही खोटा आहे, येथें तर फारच. लहान हातास पातळ फीत, मोठ्या हातास जाड. घामट हातास कापूस वा बूच. आणि कोणतीही असो, दर थोड्या वेळानें पकड बदलावयाची. पॅरिस-रूबे या १८९६ पासून चालत आलेल्या शर्यतींत दगडी रस्त्यांसाठीं स्वार फितीचे दोन थर देतात हें खरें. परंतु त्यांचें पाहून डांबरी रस्त्यावरील माणसानें तसें करण्याचें कारण नाहीं. बोटें बधिर होऊं लागलीं कीं आधीं बैठकीची व हँडलाची उंची तपासावी. फीत हें त्यावरील औषध नव्हे.

गुंडाळण्याच्या दिशेविषयीं जुन्या-नव्यांत मतभेद आहे. सुती फीत पूर्वीं पुष्कळ लोक मधून आरंभ करून टोंकाकडे नेत व उरलेलें शेवट बुचाखालीं दडपीत. दिसे तें फार नीटनेटकें. पण मग प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून राहते, आणि खालीं सरकूं पाहणारा तळहात ती उलगडीत जातो. म्हणून आतां टोंकापासून मध्याकडे जाण्याचा प्रघात आहे, आणि मला तोच बरोबर वाटतो. घराचीं कौलें वळचणीपासून आढ्याकडे लावतात तोच न्याय. प्रत्येक वेढा आधींच्या वेढ्यावर तिसरा हिस्सा ते अर्धा चढावा. ताण सर्वत्र सारखा. वळणावर बाहेरील बाजूस फट पडूं पाहते, तेथें घाई करूं नये. खालचा भाग धरून जोर लावतांना हात बाहेरच्या अंगास पिळतात, म्हणून वेढेही बाहेरच्या अंगानें वळवावेत, म्हणजे पकडीनें फीत सैल न होतां आवळत जाते. ब्रेकाच्या पट्ट्यामागें उघडी जागा राहते, तिच्यासाठीं बोटभर लांबीचा तुकडा आधींच कापून चिकटवावा. शेवट मध्यावर आला कीं तिरपा छाटून वर विजेच्या कामाची चिकटपट्टी.

आणि नवी चढविण्यापूर्वीं जुनी पूर्णपणें काढावी. हें मी विशेष आग्रहानें सांगतों. शर्यतीचीं हँडलें आतां बहुतेक अल्युमिनियमचीं असतात. घामांतील मीठ फितींतून झिरपून धातूस खातें. वरून फीत छान दिसते आणि खालीं पांढरट पूड धरलेली असते, क्वचित् बारीक चीरही. असें हँडल उतारावर मोडलें तर स्वारास सांवरावयास कांहींच उरत नाहीं. वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, दांडा उघडा करून ओल्या फडक्यानें पुसून उजेडांत पाहावा. चीर दिसली तर हँडल टाकून द्यावें. तेथें डागडुजी नाहीं.

सर्वांत शेवटीं दांड्याच्या दोन्ही टोंकांना बूच. फितीची पहिली कड आंत दुमडून त्यावर तें ठोकून बसवितात. पुष्कळांना तें शोभेचें वाटतें आणि हरवलें तर कोणी पुन्हां आणीत नाहीं. परंतु उघडी नळी म्हणजे पडतांना पोटांत वा मांडींत घुसणारें पहारीचें टोंक होय, आणि शर्यतीच्या नियमांत दोन्ही टोंकें बुजविलेलीं असावीं लागतात तीं याच कारणानें.