पूर्वेचे कोण, पश्चिमेचे कोण? : ‘ईस्ट इंडियन’ या नावाची कुळकथा

आमच्या सौंदडच्या रेल्वे फलाटावर मुंबईकडून आलेल्या एका पाहुण्यांची ओळख करून देण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. “हे आपल्यासारखेच कॅथॉलिक, ईस्ट इंडियन समाजाचे,” असे आम्ही म्हणताच शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मोठ्या आदराने विचारले, “म्हणजे कलकत्त्याकडले काय जी?” पाहुणे हसले, आम्हीही हसलो. पण घरी परतल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेजवळ राहणारे आम्ही. आणि ‘पूर्वेचे’ हे नाव मात्र नऊशे किलोमीटरांहून दूर, अरबी समुद्राच्या काठी राहणाऱ्या बांधवांचे! हे कसे घडले, याचा शोध घेणे आम्हांला अगत्याचे वाटले.

ही कथा वसईपासून सुरू होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यानंतर वसई, साष्टी व मुंबई बेटांवरील कोळी, कुणबी, आगरी, भंडारी, सामवेदी, वाडवळ अशा अनेक समाजांतील कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची आडनावे पोर्तुगीज झाली. परंतु शेती, मासेमारी, मिठागरे आणि बोली मराठीच राहिली. गोव्यात बसलेले पोर्तुगीज राज्यकर्ते या मुलुखाला ‘उत्तर प्रांत’ म्हणत आणि तेथील रहिवाशांना ‘नॉर्तेइरो’, म्हणजे उत्तरेकडचे. गोव्याहून पाहिले तर वसई उत्तरेलाच आहे. म्हणजे या समाजाला परक्यांकडून मिळालेले पहिले नावही दिशेचेच होते.

पुढे १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली व १६६८ मध्ये ती वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. साष्टी १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती आली. राज्ये बदलली, पण माणसे तीच राहिली, आणि इंग्रज त्यांना सरसकट ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणू लागले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईची भरभराट झाली. आगबोटींनी व रेल्वेने गोव्याहून आणि मंगळुराहून कॅथॉलिक बांधव नोकरीधंद्यासाठी येऊ लागले. त्यांचीही आडनावे पोर्तुगीजच होती. कचेरीत अर्ज करणारा डिसोजा साष्टीचा की गोव्याचा, हे साहेबाला कळावे कसे? स्थानिकांना वाटले की आपण कंपनी सरकारची जुनी प्रजा, मग नोकरीत आपला हक्क डावलला का जावा? १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असता, २६ मे रोजी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि समाजाने हे नाव अधिकृतपणे धारण केले. नाव कंपनीवरून घेतले. पण कंपनीचा कारभार १८५८ मध्येच संपला होता आणि १८७४ मध्ये ती कायद्याने विसर्जितही झाली होती. तेव्हा या नावातील ‘ईस्ट’ हा शब्द भारताच्या पूर्वेचा नव्हेच. तो लंडनहून दिसणाऱ्या पूर्वेचा आहे.

हेच नाव इतरत्र निराळ्याच लोकांचे होते, ही गोष्टही वाचकांनी ध्यानी घ्यावी. कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय व भारतीय अशा मिश्र वंशाचे लोक स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवीत. जॉन रिकेट्स यांनी १८३० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडलेला त्यांचा अर्ज याच नावाने प्रसिद्ध आहे. तो समाज पुढे ‘अँग्लो-इंडियन’ झाला. तिकडे कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिकेजवळची बेटे ‘वेस्ट इंडीज’ ठरली. मग १८३८ पासून गयानात व १८४५ पासून त्रिनिदादमध्ये गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांचे वंशज तेथे ‘ईस्ट इंडियन’ झाले. शब्द एक, समाज तीन. आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नाही!

आमच्या झाडीपट्टीचीही गत काही वेगळी नाही. इंग्रजांनी आम्हांला ‘मध्य प्रांतां’त घातले. १८८७ मध्येच स्थापन झालेल्या ‘बंगाल-नागपूर’ रेल्वेने आम्हांला बंगालशी जोडले, आणि आज आमची गाडी ‘दक्षिण पूर्व मध्य’ रेल्वेची आहे. एकाच गावाला तीन दिशा! योगायोग असा की आमचा नागपूर धर्मप्रांतही १८८७ चाच. मात्र ‘झाडी’ हे नाव कुठल्या कचेरीत जन्मले नाही. येथे रान आहे म्हणून झाडी, आणि झाडीत बोलतात ती झाडीबोली. हे नाव घेताना आपण कोठे उभे आहोत हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

मग ‘ईस्ट इंडियन’ हे नाव टाकून द्यावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या नावाखाली माणसे एकत्र आली, ते केवळ साहेबाला खूश करण्यासाठी घेतले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘आम्ही पोर्तुगीज नाही, आम्ही याच मातीचे’ हे सांगण्यासाठी त्यांना त्या काळी जो शब्द हाताशी सापडला, तो त्यांनी उचलला. मात्र त्या शब्दाने एक नुकसानही केले. नाव इंग्रजी, आडनाव पोर्तुगीज. त्यामुळे खालची मराठी झाकली गेली. लग्नातील उंबराचे पाणी, आजीचे लुगडे, ओव्या आणि बोली हे सारे मराठीच असूनही, ‘तुम्हांला मराठी कसे येते?’ असा प्रश्न त्यांना ऐकावा लागतो. वसईतील अनेक कुटुंबे आजही स्वतःला आधी सामवेदी किंवा वाडवळ म्हणवतात, यामागचा अर्थ यावरून उमगतो.

हा प्रश्न आम्हां विदर्भातील कॅथॉलिकांनाही सुटलेला नाही. ‘तुम्ही मूळचे गोव्याचे काय?’ असे आम्हांलाही विचारले जाते, आणि पुष्कळदा आम्ही नुसती मान हलवून वेळ मारून नेतो. तसे करू नये, असे आम्हांला आता वाटते. पुढच्या वेळी कोणी विचारले, तर आपल्या गावाचे, बोलीचे आणि आजोबांच्या शेताचे नाव सांगावे. मुलांनाही ते सांगता यावे, म्हणून घरात ती बोली चालू ठेवावी.

त्या पाहुण्यांनी सौंदडहून निघताना वृद्ध गृहस्थांना आपल्या बोलीत निरोप दिला. गृहस्थ क्षणभर थबकले आणि म्हणाले, “हे तं मराठीच बोलतेत की जी!” मघाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी न सांगताच मिळाले होते.