‘विंडोज टाकणे’: कोपर-डोंबिवलीतील संगणकदुरुस्तीचा इतिहास

मध्य रेल्वेच्या दिवा आणि डोंबिवली या स्थानकांच्या मध्ये असलेले कोपर हे दुमजली स्थानक आहे. खालून कल्याणकडे जाणारा मुख्य मार्ग जातो आणि त्याला वरून ओलांडत वसई-दिवा मार्ग जातो. पश्चिमेला उल्हास नदीची खाडी आणि पूर्वेला १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिकेत समाविष्ट झालेले डोंबिवली शहर, अशा या पट्ट्यात रोज सकाळी लोकलने मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांची वस्ती गेल्या काही दशकांत दाट होत गेली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांत काम करणाऱ्या या वर्गाने कार्यालयात संगणक आधी पाहिला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून तो घरी आणला. यंत्र घरात आले, त्याबरोबर ते बिघडल्यावर बोलवायचा माणूसही लागू लागला, आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या शेजारी संगणकदुरुस्तीचा एक नवा व्यवसाय उभा राहिला. या व्यवसायाचे लिखित दस्तऐवज जवळजवळ नाहीत. त्याचे ज्ञान हातातून हातात गेले. तरीही त्याची घडण नीट पाहिली, तर विंडोजसारखी अमेरिकेत तयार झालेली कार्यप्रणाली खाडीकाठच्या एका उपनगरात कोणत्या कारणांनी बिघडत होती आणि ती कशी सावरली जात होती, हे बरेच स्पष्ट होते.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हा यंत्राचे सुटे भाग आणि वापरणाऱ्याचे काम यांच्यामधला मूळ प्रोग्राम होय. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, हार्ड डिस्क यांच्याशी बोलण्याचे काम तो ‘ड्रायव्हर’ नावाच्या लहान प्रोग्रामांमार्फत करतो. २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेली विंडोज ९५, १९९८ ची विंडोज ९८ आणि २५ ऑक्टोबर २००१ ची विंडोज एक्सपी या तीन आवृत्त्यांवर घरगुती संगणकाची सुरुवातीची सारी वर्षे गेली. या भागात बहुसंख्य यंत्रे तयार कंपनीची नसत, ती ‘असेम्बल्ड’ असत: डोंबिवलीहून दादरला आणि तिथून गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि कॅबिनेट सुटे आणायचे आणि घरी जोडायचे. त्यामुळे जोडणारा आणि दुरुस्त करणारा माणूस बहुधा एकच असे, आणि प्रत्येक यंत्राची जडणघडण वेगळी असल्याने ती त्याच्याच डोक्यात असे. मदरबोर्डसोबत आलेली ड्रायव्हरची सीडी हरवली, की विंडोज नव्याने टाकूनही आवाज येत नसे आणि पडद्यावरची चित्रे बटबटीत दिसत. म्हणून ती सीडी कपाटात महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवण्याची पद्धत पडली होती.

बिघाडाचे पहिले मोठे कारण वीज हे होते. मुंबई शहराला भारनियमनातून वगळण्यात आले होते. कल्याण-डोंबिवली मात्र राज्य वीज मंडळाच्या आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यानंतर महावितरणच्या क्षेत्रात होती, आणि त्या वर्षांत इथे दररोज काही तास वीज जात असे. विंडोज ९८ मध्ये फाइलींची नोंद ‘फॅट’ नावाच्या तक्त्यात होई. हा तक्ता म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी यादी. कोणत्या फाइलीचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत हे तीत लिहिलेले असते. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, तर तुकडे डिस्कवर राहत आणि यादीतली नोंद अपुरी राही. वीज परतल्यावर यंत्र सुरू केले, की निळ्या पडद्यावर ‘स्कॅनडिस्क’ हा तपासणीचा प्रोग्राम आपोआप चाले, यंत्र योग्य रीतीने बंद केले नव्हते असे सांगे, आणि मालक न सापडलेले तुकडे सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘फाइल००००.सीएचके’ अशा नावांनी साठवून ठेवी. या नावांच्या फाइली कशासाठी आहेत हे घरात कुणालाच कळत नसे आणि त्या तशाच वाढत जात. एक्सपीबरोबर घरांत आलेली ‘एनटीएफएस’ ही नोंदपद्धत बदल करण्याआधी त्याची टिपणी वेगळ्या नोंदवहीत करते, त्यामुळे अर्धवट राहिलेले काम पुढे पूर्ण करता येते किंवा मागे घेता येते. पण जुन्या डिस्कवर एक्सपी टाकताना अनेकांनी फॅटच कायम ठेवली होती, आणि भारनियमन सर्वांत जाचक झाले ते याच वर्षांत. यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर काही मिनिटे बॅटरीवर यंत्र चालवणारी पेटी, हा मुंबईच्या अनेक घरांत जास्तीचा खर्च होता, तर डोंबिवलीत तो संगणकाचाच एक भाग मानला जाई.

दुसरे कारण हवा. खाडीकाठचा दमटपणा आणि पावसाळ्याचे चार महिने यांनी रॅमच्या, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवरील सोनेरी टोके आणि ती ज्या खाचेत बसते तिथले धातूचे काटे यांच्यामध्ये बारीक मळ धरे. अशा वेळी यंत्र सुरू होत नसे. पडदा काळा राही आणि कॅबिनेटमधल्या छोट्या स्पीकरमधून लांब भोंगे वाजत. हे भोंगे म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी यंत्राची तपासणी करणाऱ्या ‘बायॉस’ या मूळ प्रोग्रामची भाषा होती. त्याच्या प्रचलित प्रकारांत सतत वाजणारा लांब भोंगा स्मृतीकडे, तर एक लांब आणि दोन आखूड भोंगे पडद्याच्या कार्डाकडे बोट दाखवत. त्यावरचा इथला उपाय कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेतून आलेला नव्हता. वीज पूर्ण बंद करायची, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडायची, दोन्ही टोकांचे पांढरे चाप बाहेर दाबून रॅमची पट्टी उपटायची आणि शाळेतल्या पोरांच्या कंपासपेटीतले पांढरे खोडरबर घेऊन तिची सोनेरी टोके एकाच दिशेने हलक्या हाताने घासायची. मग खाच ब्रशने झाडून पट्टी ‘कट’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. बऱ्याच वेळा एवढ्यानेच यंत्र सुरू होई. घासताना सोन्याचा अत्यंत पातळ थर झिजतो हे खरे, आणि काळजी न घेतल्यास अंगातील स्थिरविद्युत पट्टीतील चिप जाळू शकते हेही खरे. म्हणून जाणते कारागीर आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत. बिघाड यंत्रात आहे की विंडोजमध्ये हे ठरवण्याची ही पहिली पायरी होती, आणि ती वगळून थेट विंडोज नव्याने टाकणाऱ्यांचे अर्धे श्रम वाया जात.

तिसरे कारण परवान्यांचे आणि विषाणूंचे. मूळ विंडोजची किंमत पगारदार कुटुंबाला जड होती, त्यामुळे नकली सीडी सर्रास वापरात आल्या, आणि सुधारित आवृत्ती घेतली तर यंत्र अडेल या भीतीने त्या वापरणाऱ्यांनी ती घेणे टाळले. २००२ मध्ये आलेल्या एक्सपीच्या पहिल्या सुधार-संचाने फुटलेल्या काही परवाना-क्रमांकांना अडवले, तेव्हा ही भीती पक्की झाली. इंटरनेटचा वेगही आडवा येई: ऑगस्ट २००४ मधला दुसरा सुधार-संच सुमारे २६६ मेगाबाइटचा होता, आणि टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या मोडेमने तो उतरवायला पंधरा तासांच्या आसपास लागले असते. संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींना म्हणूनच इतके महत्त्व होते. सुधारणा न घेण्याचा परिणाम मात्र त्याआधीच, ऑगस्ट २००३ मध्ये दिसला होता. ब्लास्टर नावाच्या ‘वर्म’ने, म्हणजे जाळ्यातून आपणहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, ज्या फटीतून प्रवेश केला तिच्यावरची दुरुस्ती जुलैमध्येच उपलब्ध झाली होती. ती न घेतलेल्या यंत्रांवर इंटरनेट जोडताच साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. कारागिरांना यावर एक साधी आज्ञा ठाऊक होती: ‘रन’च्या चौकटीत ‘शटडाऊन -ए’ टंकलिखित करून एंटर दाबले, की मोजणी थांबे आणि दुरुस्ती बसवायला उसंत मिळे. ही आज्ञा फोनवरून सांगितली जाई, आणि पलीकडचा माणूस त्या साठ सेकंदांत ती अक्षर-अक्षर टंकत असे.

त्याआधी, २६ एप्रिल १९९९ रोजी, ‘चेर्नोबिल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या सीआयएच विषाणूने आशियातील अनेक देशांत हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग शून्यांनी पुसला होता आणि काही मदरबोर्डांतील बायॉसही निकामी केला होता. विषाणूंवरचा मराठी प्रतिसाद पुण्यातून आला. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव दिसू लागला तेव्हा त्यांचे संगणकशास्त्र शिकणारे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला, आणि त्यातूनच १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीची, म्हणजे २००७ नंतरच्या क्विक हील टेक्नॉलॉजीजची वाढ झाली. दुरुस्तीच्या टेबलावरून उत्पादन उभे राहिल्याचे हे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण आहे, आणि त्याची नोंद उद्योगाच्या इतिहासाइतकीच दुरुस्तीच्या इतिहासातही व्हायला हवी.

या साऱ्या बिघाडांवर सर्वाधिक वापरला गेलेला उपाय मात्र एकच होता: ‘फॉरमॅट मारणे’ आणि ‘विंडोज टाकणे’. फॉरमॅट म्हणजे डिस्कची यादी पुसून ती नव्याने आखणे. कारणाचा शोध घ्यायला तास-दोन तास लागत आणि मोबदला तोच मिळे. फॉरमॅटचा परिणाम खात्रीचा होता, आणि एक्सपी बसवताना पडद्यावर ३९ मिनिटे बाकी असल्याचे दिसे, तेवढ्यात घरातल्यांचा चहा होई. शोध घेण्याची साधने मात्र कार्यप्रणालीतच होती. यंत्र सुरू होताना एफ-८ ही कळ दाबत राहिले, की ‘सेफ मोड’ मिळे. त्यात अत्यावश्यक ड्रायव्हरच उचलले जात, आणि तिथे यंत्र नीट चालले तर दोष नव्याने टाकलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा आहे असे समजे. एक्सपीत ‘सिस्टिम रिस्टोअर’ हे यंत्राला आधीच्या तारखेच्या स्थितीत नेणारे साधनही होते. ही साधने वगळून फॉरमॅटची सवय लागली ही या व्यवसायाची मोठी चूक होती. ‘सी मध्ये काही ठेवू नका, सगळे डी मध्ये ठेवा’ असा सल्ला प्रत्येक कारागीर देई. डिस्कचे दोन भाग करून विंडोज सी मध्ये ठेवली, की डी न पुसता सी पुसता येत असे. पण ‘डेस्कटॉप’ आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ या दोन जागा सी मध्येच असतात, हे सांगायचे राहून जाई, आणि समोर दिसते तिथे ठेवलेले बारशाचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब त्या ३९ मिनिटांत जात.

जे कारागीर अधिक काळजीने काम करत, ते आधी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडत. तेव्हाच्या आयडीई डिस्कच्या मागे, रुंद केबलच्या खाचेशेजारी, काही पिना असत आणि त्यांवर ‘जंपर’ नावाची प्लास्टिकची इवलीशी टोपी चढवलेली असे. ती एका जागी असली की डिस्क ‘मास्टर’, दुसऱ्या जागी असली की ‘स्लेव्ह’, म्हणजे दुय्यम होई. ही टोपी चिमट्याने सरकवून डिस्क दुय्यम केली, की बिघडलेली विंडोज सुरू न करताही तिच्यातल्या फाइली वाचता येत आणि डी मध्ये किंवा सीडीवर हलवता येत. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे गावोगावी उघडली, तेव्हा एकाच खोलीतली अनेक यंत्रे सांभाळताना ‘घोस्ट’ प्रोग्रामने एका नीट चालणाऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत इतरांवर उतरवण्याची रीतही रुळली.

इंग्रजी वापरणाऱ्याला न भेटणारा बिघाड म्हणजे लिपीचा. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत टंकलिखित होई. फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच क्रमांक असत आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष देई. दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसला, की लग्नपत्रिका अर्थहीन रोमन अक्षरांची दिसे. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. त्याची रचना मुंबईतले अक्षरकार र. कृ. जोशी यांची. पण एक्सपीत देवनागरीचा आधार आपोआप चालू नसे: कंट्रोल पॅनेलमधील भाषांच्या पानावर जाऊन संयुक्त लिप्यांसाठीच्या फाइलींची खूण करावी लागे, आणि यंत्र लगेच मूळ सीडी मागे. खूण केलेली नसली, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे सरकून बसे आणि जोडाक्षरे पायमोडकी दिसत. अर्ध्या ‘र’ची नीट सोय नसली, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होई आणि डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येई. मराठीत लिहिणाऱ्या माणसासाठी हे शब्दच बिघडल्यासारखे होते.

पुढे ड्रायव्हर आपोआप उतरू लागले, ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला, आणि घरांत टेबलावरच्या संगणकाची जागा लॅपटॉप व मोबाइलने घेतली. सेफ मोडची विद्या मात्र कालबाह्य झाली नाही: १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रोग्रामच्या सदोष फाइलीने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे ठप्प केली, तेव्हा त्यांतली अनेक सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल पुसून, एकेक करून हाताने सोडवावी लागली. बऱ्याच नव्या यंत्रांत डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे डिस्क काढून दुसरीकडे जोडण्याचा उपाय किल्ली हाती नसेल तर चालत नाही. जुन्या आयडीई डिस्क अजून कुणाकुणाच्या माळ्यावरून दुरुस्तीला येतात. अशा एखाद्या डिस्कमध्ये दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख असल्याचे कळले, की जाणता कारागीर जंपर सरकवून डिस्क जोडतो आणि लेखाच्या फाइलीआधी ‘विंडोज’ फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा खण उघडतो, कारण तो फॉन्ट सापडला नाही तर वाचवलेली फाइलही वाचता येत नाही.